कार्पाथो-युक्रेन : रूळ गेले, डोंगर उरले

[दृश्य : तिसा नदीचं खोरं, मागे कार्पाथियन डोंगर]

युक्रेनच्या नैर्ऋत्य टोकाला झाकारपात्त्या प्रांत आहे. एका बाजूला कार्पाथियन रांग, बाकी सीमांवर पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया. इथल्या खुस्त शहरात 15 मार्च 1939 रोजी कार्पाथो-युक्रेन या देशाच्या स्वातंत्र्यावर संसदेनं शिक्कामोर्तब केलं. दुसऱ्याच दिवशी खुस्त हंगेरीच्या सैन्याच्या हाती पडलं.

या देशाचा गळा मात्र चार महिने आधीच आवळला गेला होता.

[नकाशा : 1938]

पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख चेकोस्लोव्हाकियाला जोडताना तहात स्वायत्तता कबूल केली होती. ती प्रत्यक्षात मिळाली ऑक्टोबर 1938 मध्ये, म्युनिक करारानं चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला गेला आणि प्राग सरकारचे हातपाय गळाले, त्यानंतर. लगेच 2 नोव्हेंबरला जर्मनी आणि इटलीनं व्हिएन्नात निवाडा दिला आणि दक्षिणेची सपाटी हंगेरीला गेली. उझ्होरोद, मुकाचेवो, बेरेहोवे ही शहरं गेली. राजधानी खुस्तला हलवावी लागली.

नकाशात नद्या बघा. उझ, लातोरित्सा, रिका, तेरेस्वा, सगळ्या डोंगरातून उतरून सपाटीकडे येतात. खोऱ्या-खोऱ्यांमध्ये डोंगरांच्या उंच रांगा आहेत, त्यामुळे शेजारच्या खोऱ्यात जायचं तरी सोपी वाट सपाटीवरूनच. लाकूड वर, धान्य खाली. रेल्वेही खालूनच, सपाटीवरच्या चोप जंक्शनमार्गे. चोप हंगेरीकडे गेलं आणि प्रागशी रेल्वेचा थेट दुवा तुटला.

14 मार्चला स्लोव्हाकिया वेगळा झाला. त्याच सकाळी खुस्तमध्ये शस्त्रांवरून ‘सिच’ या स्थानिक युक्रेनियन दलाचे स्वयंसेवक आणि चेक सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. ज्यांनी सीमा धरायची, ते शहरातच अडकले. संध्याकाळी स्वायत्त सरकारचे पंतप्रधान, ग्रीक कॅथलिक धर्मगुरू अवगुस्तिन वोलोशिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी संसद भरली. युक्रेनियन राजभाषा, निळा-पिवळा झेंडा ठरला, गुप्त मतदानानं वोलोशिन राष्ट्राध्यक्ष झाले. खुस्तजवळच्या क्रास्ने पोले मैदानात हंगेरीच्या सैन्यासमोर तुटपुंज्या शस्त्रांनिशी उभे राहिलेल्यांमध्ये शाळकरी विद्यार्थीही होते.

वोलोशिन रोमानियामार्गे निसटले. मे 1945 मध्ये सोव्हिएत हस्तकांनी त्यांना प्रागमध्ये पकडलं. जुलैत ते मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात वारले. त्याआधी, 1944 च्या वसंतात, हंगेरीच्या अमलाखाली इथल्या ज्यूंना गाड्यांत भरून आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं गेलं. मुकाचेवोत त्याआधी जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती.

[दृश्य : चोप यार्ड, जॅकवर उचललेला डबा]

1945 मध्ये प्रदेश सोव्हिएत संघात गेला आणि रूळही बदलले. हंगेरी-स्लोव्हाकियात दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, इकडे 1520. चोपला प्रवासी डबे सुटे करून जॅकवर उचलतात, खालच्या बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, ढकलून काढतात, दुसऱ्या मापाच्या आणतात, आणि डबा नेमका त्यांच्या मधल्या खिळीवर उतरवतात. दोन्हीकडचे कपलिंगही वेगळे, तेही जुळवावे लागतात. मालगाडीत बहुधा माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरणं परवडतं.

एका मार्गावर दोन्ही मापांच्या गाड्या चालवायच्या तर तिसरा रूळ टाकावा, असं वाटेल. ते जमत नाही. फरक फक्त 85 मिलिमीटरचा आहे आणि रुळाचा तळच साधारण 150 मिलिमीटर रुंद असतो. दोन रूळ इतके जवळ बसतच नाहीत. म्हणून चोप ते मुकाचेवो चार रूळ आहेत, दोन मापांच्या जोड्या एकमेकींत सरकवून बसवलेल्या. देखभाल किचकट, त्यात सांध्यांवर चार रुळांचे काटे नीट बसवणं सगळ्यात अवघड.

2022 नंतर युक्रेनची नागरी विमानवाहतूक बंद आहे आणि सीमेवरच्या या रुळांचं मोल फार वाढलं आहे. बुडापेस्टकडची गाडी याच चार रुळांवरून बोगी न बदलता मुकाचेवोच्या फलाटापर्यंत येते.