दमट हवेचं स्वयंपाकघर

(दृश्य : लालबाग. मिरच्यांचे ढीग, मसाला कुटणाऱ्या डंखाचा आवाज.)

मुंबईत जानेवारीतली दुपार साधारण ३१ अंशांची, आणि मे महिन्यातली ३३-३४ ची. एवढ्याशा फरकावर कोणी ऋतू मानत नाही. इथलं वर्ष बदलतं ते हवेतल्या पाण्याने. कधी वाळवायचं, कधी उकडायचं आणि कधी भाजायचं, हे इथल्या घरांनी त्या पाण्याकडे बघून ठरवलेलं असतं.

मे महिना. लालबागच्या मिरची गल्लीत भाव विचारण्याआधी शिंक येते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, लवंगी अगदी बेताने, हे इथे येणारी प्रत्येक बाई छातीठोकपणे सांगते आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं असतं. मालवणी घरातलं आगरी घरात चालत नाही. मिरच्या गॅलरीत, गच्चीत, जिथे ऊन सापडेल तिथे कडकडीत वाळवायच्या, भाजायच्या आणि डंखावर नंबर लावायचा. नंबर आला की समोरून हलायचं नाही. आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळेल, ही भीती पिढीजात आहे. घरी आल्यावर बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा.

वांद्रे, गोराई, वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतही याच दिवसांत कुटणं चालतं. त्यांचा बॉटल मसाला तपकिरी बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्या काचेतून उजेड कमी जातो, म्हणून रंग टिकतो.

(दृश्य : सुक्या मासळीचा बाजार.)

ही सगळी घाई ११ जूनच्या आतली. त्या सुमाराला मुंबईत पाऊस येतो, आणि मग ओल राहिलेली मिरची बरणीत गेली तर बुरशी ठरलेली. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, खरेदीत सुकट, सोडे, सुके बोंबीलही येतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोंबलाचं कालवण करायचं तर सुके बोंबील मे महिन्यातच डब्यात जाऊन बसलेले असावे लागतात.

(दृश्य : दादर स्टेशनबाहेर, छत्र्यांची गर्दी. जमिनीवर फडक्यावर रानभाज्या.)

पहिल्या सरींबरोबर शेवळं येतात. पालघर, कर्जतच्या बाजूने पहाटेच्या लोकलने टोपल्या आणणाऱ्या बायका स्टेशनबाहेर बसतात.

"मावशी, जुडी कशी दिली?"

"ते सांगते, ताई. आधी काकडं घ्या. नुसती शेवळं नेलीत तर घसा धरेल."

मावशींचं बरोबर आहे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं या आंबट रानफळांचा रस घालून शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच. सीकेपी घरांत शेवळात कोलंबी पडते, आणि ती पडावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढे टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली येत राहतात. शेवळं मात्र थोड्याच आठवड्यांत दिसेनाशी होतात.

(दृश्य : पावसाळी स्वयंपाकघर. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे.)

जुलै. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. मुंबईच्या जुलैत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, मग बरणीत तांदूळ टाका नाहीतर टिपकागद. बिस्किटं, पापड, कुरमुरे, सगळ्यांचीच ही गत. आषाढात कांदेनवमीला भजी होऊन जातात, कारण पुढे चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद. नागपंचमीला चिरणं, तळणं नाही, त्यामुळे हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडायच्या. धार्मिक कारण काहीही असो, हवेचा हिशेब चोख बसतो. उकडलेलं त्याच दिवशी खायचं, साठवायचा प्रश्नच नाही.

(दृश्य : कोकणातून परतलेली एसटी. पिशवीतून डोकावणारं तवसं.)

गणपती उरकून चाकरमानी परततात तेव्हा सामानात हमखास एक भलंमोठं तवसं, म्हणजे गावठी काकडी, असते. त्याचं धोंडस होतं. केक हा शब्द घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणी घरांत हे भाजलं जातंय. तवसं सोलून, बिया काढून किसायचं. त्यात गूळ, ओलं खोबरं, भाजलेला रवा, वेलची. वेगळं पाणी किंवा दूध अजिबात नको. गुळामुळे काकडीला इतकं पाणी सुटतं की रवा त्यातच फुगतो, फक्त त्याला अर्धा तास द्यावा लागतो. पूर्वी जाड बुडाच्या पातेल्याखाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे, म्हणजे वरून-खालून सारखी आच. चाळीत निखारे कुठले आणायचे? मग गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, तोही नसेल तर तळाला मीठ पसरलेला, शिटी काढलेला कुकर. आजच्या ओव्हनला १८० अंश चालतात. तळाशी हळदीचं पान हवंच. त्याच्याशिवाय तो नुसता काकडीचा केक होतो.

(दृश्य : बेकरीची भट्टी. पत्र्यांच्या ट्रेवर चिठ्ठ्या.)

८ ऑक्टोबरच्या सुमाराला पाऊस मागे फिरतो, हवा कोरडी पडते आणि चकली कुरकुरीत राहण्याचे दिवस येतात. दिवाळीच्या आधी मुंबईत घरची नानकटाई बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची जुनी रीत आहे. तूप आणि पिठीसाखर घरी फेसायची. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप पातळ होतं, म्हणून ते आधी फ्रिजमध्ये थिजवायचं, नाहीतर नानकटाई पसरते. गोळे बेकरीत न्यायचे, आणि पावाचे घाणे निघाल्यावर भट्टी जरा निवली की त्यांची पाळी. नावाची चिठ्ठी चिकटवली नाही तर शेजाऱ्यांची नानकटाई घरी येते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचं दुखणं खरं आहे, आदेश योग्यच. नानकटाईला लाकूड लागत नाही, तिला निवत जाणारी आच लागते. गॅसच्या भट्टीवाल्याने पाव झाल्यावर घरच्या ट्रेसाठी आच उतरवून वेळ काढला, तर ही रीत टिकेल.

(दृश्य : डिसेंबर. कुलकुल वळणारे हात.)

थंडी इथे थोडक्यात आटपते. नाताळाआधी ईस्ट इंडियन घरांत सगळे मिळून जेवणाच्या काट्याच्या पाठीवर कुलकुल हा गोड तळणीचा पदार्थ वळतात, बाजारात मटार स्वस्त होतात. केक शिकायचा असेल तर मात्र हेच दिवस धरा. लोणी फेसायला १८ ते २० अंश लागतात, आणि मुंबईत तेवढा गारवा मिळतो तो फक्त थंडीतल्या पहाटे. मे महिन्यात तेच लोणी भांड्यात तेल होऊन बसतं.