समुद्री टाकीतलं शेवाळ: आधी ओळख, मग इलाज

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी घरात ठेवणारे बडोद्यात अजून थोडेच आहेत. पण त्यांच्यापैकी कुणाशीही बोला, गाडी फिरून एकाच प्रश्नावर येते: शेवाळ फार माजलंय, काय टाकू? औषधांबद्दल मी बोलणार आहे, पण अगदी शेवटी. त्याआधी दोन गोष्टी नक्की करायला हव्यात. आपल्या टाकीत वाढलंय ते नेमकं काय, आणि टाकीतून बाहेर काय काढायचं. हे ठरवायच्या आत बाटली ओतली, तर शेवाळ महिनाभर जातं आणि प्रवाळ कायमचं जातं.

प्रवाळाच्या पेशींमध्येच एकपेशीय शेवाळ राहतं, हे आधी लक्षात घ्या. उजेडात ते साखर तयार करतं आणि प्रवाळाचं बरंचसं पोट त्यावरच भरतं. म्हणजे जो उजेड आणि जे नायट्रेट-फॉस्फेट आपण शेवाळाचे लाड म्हणून बंद करायला निघतो, तेच प्रवाळालाही लागतं. दगडावर गुलाबी-जांभळी खरखरीत पुटं चढतात, तेही एक शेवाळच, कोरलाइन नावाचं. ती दिसली की समजा टाकी स्थिरावतेय. काहीच हिरवं-तपकिरी नको, अशी टाकी कुणाला करता येणार नाही आणि करूही नये.

मग समुद्रातले प्रवाळ इतके स्वच्छ कसे दिसतात? पाण्यात अन्नद्रव्यं कमी असतात, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं जमैकाच्या किनाऱ्यावर जगाला कळलं. तिथे आधीच बेसुमार मासेमारीने शेवाळ खाणारे मासे संपत आले होते आणि चराईचं काम मुख्यतः डायडेमा नावाच्या काळ्या, लांब काट्यांच्या सागरी साळिंदरांवर (सी अर्चिनवर) येऊन पडलं होतं. १९८३ साली पनामाजवळ एक रोग सुरू झाला आणि वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून जास्त डायडेमा मेले. १९८० च्या मोठ्या वादळाने प्रवाळ मोडलेलं होतंच. १९७७ मध्ये जमैकाच्या प्रवाळभिंतींवर साधारण ५२ टक्के जिवंत प्रवाळ होतं, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आलं. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. तेव्हा 'खत कमी करा' एवढ्यावर थांबू नका. आपल्या टाकीत चरणारं कोण आहे, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे.

आता टाकीचा जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम माशांच्या खाद्याची. कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस येतो, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरच्या टाकीत ते विरघळलं तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. आपण टाकीत फॉस्फेट ठेवू पाहतो ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान. एका ग्रॅमनेच मर्यादा ओलांडली! म्हणजे रोज येणारं फॉस्फेट रोज कुठेतरी जात असतं. मासे वाढतात, फेसाबरोबर घाण उचलणारा स्किमर काढतो, दगड शोषतो आणि शेवाळ खातं. म्हणूनच हिरव्या गवताने भरलेल्या टाकीत टेस्ट किट 'शून्य' दाखवतं. ते शून्य पाहून लोक गोंधळतात, किट बदलून आणतात. किट बरोबर असतं. पाण्यात उरलेलं ते मोजतं, शेवाळाच्या पोटात गेलेलं त्याला दिसत नाही.

जमेची दुसरी रक्कम पाण्यातून येते, आणि इथे आपल्या गावाचा थेट संबंध येतो. बडोद्यात कुणाकडे सयाजीराव महाराजांनी बांधवलेल्या आजव्याच्या तलावाचं पाणी येतं, कुणाकडे महीच्या विहिरींचं, तर नव्या सोसायट्यांत बरंचसं बोअरचं. पिण्याला ते उत्तम असेल, प्रवाळाला नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत भारतीय मानकाला चालतं. टाकीत आपल्याला २ ते १० हवं. त्यात आपला उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर, टाकीवर पंखा, मग पाणी रोज उडणारच. समजा २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर उडालं. तीन महिन्यांत २७० लिटर टॉपअप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई, झाला. त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर ५,४०० मिलिग्रॅम आत आलं. वाफ होऊन फक्त पाणी जातं, नायट्रेट मागेच राहतं. टाकीच्या हिशोबाने ही लिटरमागे २७ मिलिग्रॅमची भर, तीही एकाही माशाला दाणा न घालता.

यावर बरेच जण म्हणतात, "पण मी आरओचंच पाणी वापरतो." स्वयंपाकघरातला आरओ एकदा उघडून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. गाळलेल्या पाण्यात तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींत खनिजांचं काडतूस असतं. ही सोय माणसासाठी आहे. टाकीसाठी मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी थेट घ्या, ते उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनमधून सोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं तरच वापरा. मीटर काहीशे रुपयांत मिळतो, शेवाळाशी झुंजताना इतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही. समुद्र जवळ आहे म्हणून खंभातच्या आखातातून कॅन भरून आणायचा विचार कुणी करत असेल, तर तो सोडा. ते पाणी गाळाने गढूळ असतं. चांगलं सॉल्ट मिक्स आणि शुद्ध पाणी, क्षारता हजारी ३५.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ओखा-द्वारकेकडून येताना किनाऱ्यावरचा 'सुंदर दगड' उचलून टाकीत घालू नका. प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कठीण प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, ते आपल्याच राज्यात आहे. तिथलं प्रवाळ तिथेच राहू द्या. टाकीला कारखान्यात घडवलेला, बॅक्टेरिया बसवलेला दगड पुरतो.

आता ओळखीकडे येऊ. नव्या टाकीत वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. त्याला सिलिका लागते. ती संपली की काही आठवड्यांत तो जातो. त्याच्यासाठी एक रुपया खर्च करू नका.

हिरवं केसांसारखं गवत ओढलं की तुटतं, ते हेअर अल्गी. तसंच दिसणारं, पण बारकाईने पाहिल्यावर पिसासारख्या फांद्या असलेलं, ते ब्रायोप्सिस. ते जास्त चिवट, आणि चरणारे प्राणी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हिरवे चकचकीत मणी दिसले तर व्हॅलोनिया. त्यातला प्रत्येक मणी ही एकच पेशी आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो. मणी न फोडता देठापासून अलगद खरवडून काढावा.

लाल-किरमिजी, साईसारखा पापुद्रा वाळूवर पसरतो आणि चिमटीने अख्खा उचलता येतो, ते शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया. त्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेतात, त्यामुळे नायट्रेट खाली आणून त्यांना फरक पडत नाही. जिथे पाणी हलत नाही आणि घाण साचते तिथे ते बसतात. पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकर पंपाची दिशा बदला, सायफनने पापुद्रा ओढून घ्या. पुष्कळदा एवढं पुरतं.

सगळ्यात घातक म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, ज्यांना हौशी मंडळी 'डायनो' म्हणतात. तपकिरी, शेंबडासारखे तंतू, त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे, दिवसा वाढलेले आणि सकाळी कमी झालेले. गोगलगायी एकामागून एक मरायला लागल्या तर संशय पक्का करा. घरी करता येईल अशी परीक्षा आहे. तो लगदा थोडा पाण्यासकट काचेच्या बाटलीत घ्या आणि जोरात हलवा. मग टिश्यू पेपरमधून गाळा. गाळून आलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा तंतू जमले तर ते डायनो. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर अजून चांगलं. डायनोंमधले ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचे असतात आणि एका जागी खुंटीला बांधल्यासारखे गरगरतात. अँफिडिनियम वाळूत सरपटत फिरतात.

एवढा वेळ यावर घालवतोय, कारण इथे इलाज नेमका उलटा होतो. डायनो बहुतेक वेळा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेल्यामुळे येतात. त्यांच्याशी जागेसाठी भांडणारे साधे शेवाळ आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात आणि मैदान मोकळं मिळतं. अशा वेळी शेवाळ समजून फॉस्फेट शोषणारी पावडर वाढवली, पाणी बदलत राहिलं, तर आगीत तेल. पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट ५ च्या वर, फॉस्फेट ०.०५ च्या वर मोजता येईल असं आणा, त्यासाठी गरज पडली तर खाद्य वाढवा. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतात, त्यांना यूव्ही दिवा मारतो. अँफिडिनियमवर यूव्हीचा फारसा उपयोग नाही, कारण ते वाळूतच राहतात.

हेअर अल्गीवर माझा भर हातावर आहे. दगड निघत असेल तर बाहेर काढा, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरा आणि कडक टूथब्रशने घासा. निघत नसेल तर सायफनच्या नळीच्या तोंडाशी ब्रश बांधा, म्हणजे घासलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं, तुकडे टाकीभर पसरत नाहीत. नळीचं दुसरं टोक बारीक जाळीच्या पिशवीत सोडा. पाणी परत टाकीत जाईल आणि पिशवीत उरेल तो हिरवा लगदा. खाद्यातून आलेलं जे फॉस्फेट किटला दिसत नव्हतं, ते त्या लगद्यात आहे. दर आठवड्याला असं काढलं की जमाखर्चाची दुसरी बाजू खरोखर हलते.

हेच काम टाकीबाहेर करून घेण्याची युक्ती स्मिथसोनियनमधल्या वॉल्टर एडी यांनी काढली. जाळीवर पाण्याचा पातळ प्रवाह आणि भरपूर उजेड. शेवाळ तिथे वाढतं, ते खरवडून फेकायचं. जागा असेल तर संपमध्ये, म्हणजे टाकीखालच्या जोडटाकीत, कीटोमॉर्फा नावाचं हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढवा, त्याचा दिवा रात्री चालू ठेवा. फॉस्फेट शोषणारी लोहाची पावडर मीही वापरतो, पण चमच्याने. एका झटक्यात फॉस्फेट खाली आलं की प्रवाळाचे ऊतक सुटायला लागतात.

चरणाऱ्यांबद्दल. आपल्या फ्लॅटमधल्या दोन-तीन फुटी टाकीत शेवाळ खाणारा टँग मासा ठेवू नये. त्याला पोहायला लांबी लागते. ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी, एखादं छोटं साळिंदर, व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा, एवढ्याने भागतं. लांब झालेलं गवत मात्र गोगलगाय खात नाही. आधी ब्रशने छाटायचं, मग कोवळे फुटवे तिच्यासाठी सोडायचे.

आता तुम्ही दिलेल्या चिठ्ठ्यांमधला प्रश्न, औषधांचा. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालतं, हौशी लोक लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम घालतात आणि त्या काळात फिल्टरमधला कार्बन काढून ठेवतात. हाताने जमेल तेवढं काढून झाल्यावर, तेही ब्रायोप्सिसच आहे याची खात्री करून, मला ते मान्य आहे. डायनो किंवा सायनोवर त्याचा उपयोग नाही. सायनोसाठी एरिथ्रोमायसिन मात्र मला मान्य नाही. ते माणसांचं प्रतिजैविक आहे, पाणी बदललं की ते आपल्या गटारात जाणार, आणि टाकीतले उपयोगी बॅक्टेरियाही त्याच्या तडाख्यात येऊ शकतात.

दुसऱ्या चिठ्ठीत विचारलंय, सगळं करूनही चार महिने गवत जात नाही, पाणी तर स्वच्छ आहे. दगड जुना असेल. चुनखडीचा दगड फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सोडतो, म्हणून गवत दगडावरच उगवतं, काचेवर नाही. असा दगड रिकामा व्हायला महिने लागतात. घासणं चालू ठेवा, किटवरचे आकडे वहीत लिहा, नवीन काही घालू नका.

आणि पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक सूचना. शेवाळाने भरलेली टाकी रात्री प्राणवायू ओढते, आणि औषधाने मेलेलं शेवाळ कुजताना त्याहून जास्त ओढतं. त्याच रात्री वीज गेली तर आधी मासे जातात. औषध घालायच्या आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून, चालतो की नाही ते पाहून ठेवा.