पेशीच्या पोटातलं आणि पेशीच्या दारातलं

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत्ता, या क्षणी, आपल्या अंगावर बाहेरच्या बाजूला काही बारीक तुकडे मांडून बसलेली आहे. हे तुकडे तिच्या स्वतःच्याच प्रथिनांचे. जुनी झालेली, नीट न घडलेली प्रथिनं पेशी आत कातरून टाकते. त्या कातरणांतले आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत बसतात आणि पृष्ठभागावर येतात. टी पेशी, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीची गस्त घालणारी पांढरी पेशी, जवळ येऊन ते चाचपून पाहते. नेहमीचे असले तर पुढे जाते. विषाणूचा तुकडा सापडला, किंवा जनुकातल्या बिघाडामुळे बदललेल्या प्रथिनाचा सापडला, तर ती त्या पेशीला मारते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती इथे अक्षरशः होते. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ च्या सुमाराला हे रहस्य उलगडायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही ओळख पेशीच्या रोजच्या संसारातून तयार होते. आत काय घडतं, काय मोडीत निघतं, कशाचा तुटवडा आहे, त्यावर दारात काय दिसणार ते ठरतं. आणि कॅन्सरच्या पेशीत हा संसारच पालटलेला असतो. म्हणून तिचं चयापचय समजून घेतल्याशिवाय ती प्रतिकारशक्तीच्या नजरेतून कशी निसटते ते कळत नाही, असं मला वाटतं.

सुरुवात ऑटो वारबुर्गपासून करावी लागते. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्यांनी पाहिलं की गाठीतल्या पेशी भरपूर ग्लुकोज ओढून घेतात आणि प्राणवायू हाताशी असूनही त्याचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, दोनच रेणू हाती येतात. पूर्ण ज्वलन केलं तर तीसच्या आसपास मिळाले असते. मग हा तोट्याचा व्यवहार का? कारण भराभर दुभंगणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल हवा असतो. डीएनए, पडद्यांसाठी स्निग्ध पदार्थ, नवी प्रथिनं या सगळ्याची सामग्री ग्लुकोजच्या या वाटेवरून वळवता येते. वारबुर्गना वाटलं होतं, या पेशींच्या तंतुकणिका, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, बिघडल्या असाव्यात. बहुतेक गाठींत त्या शाबूत असतात, हे नंतर कळलं. ग्लुकोजची ही ओढ मात्र इतकी पक्की की शरीरात गाठ कुठे आहे ते दाखवणारी पेट स्कॅन ही तपासणी तिच्यावरच चालते.

खरी अडचण पुढे आहे. टी पेशी शांत असते तेव्हा थोडक्यात भागवते, पण शत्रू ओळखून जागी झाली की तीही हीच वाट धरते. तिलाही भराभर वाढायचं असतं, तिलाही ग्लुकोज हवं असतं. २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की गाठीत ग्लुकोजचा तुटवडा असला तर टी पेशी पुरेसं इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे हल्ल्यासाठी लागणारं तिचं एक प्रथिन, बनवू शकत नाही. ती तिथवर पोचते, शत्रूला ओळखतेही, पण तिच्या हातात बळ उरत नाही.

त्यात भर आम्लाची. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ असतो, गाठीच्या आत तो ७ च्या खाली, काही ठिकाणी ६.५ पर्यंत उतरतो. अशा आंबटात टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) नावाच्या दुसऱ्या मारक पेशी मंदावतात. आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी तेच लॅक्टिक आम्ल इंधन म्हणून वापरू शकतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबून राहिलो होतो.

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नये. २०२१ मध्ये उंदरांच्या गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या करून मोजल्या गेल्या. पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज घेत होत्या त्या मॅक्रोफेजसारख्या प्रतिकार पेशी. कॅन्सरच्या पेशी सर्वांत पुढे होत्या त्या ग्लुटामिन हे अमिनो आम्ल ओढण्यात. म्हणजे "गाठ सगळी साखर खाऊन टाकते" हे चित्र अपुरं आहे.

मी यावर रेंगाळतो आहे त्याला कारण आहे. रुग्णाच्या घरच्यांकडून हमखास प्रश्न येतो : साखर पूर्ण बंद केली तर गाठ उपाशी मरेल ना? त्यामागची तळमळ मला कळते. पण तोंडाने साखर घेतली नाही तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं, गरज पडली तर स्नायूंची प्रथिनं मोडून. रुग्णाचं वजन उतरतं, ताकद जाते, आणि ज्या टी पेशींवर आपली भिस्त, त्यांनाही तेच ग्लुकोज लागतं. कृपा करून, आहारात मोठा बदल करायचा असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला.

आता दारातल्या तुकड्यांकडे परत येऊ. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध उभं करणाऱ्या उपचाराचा, फारसा परिणाम होत नाही. याचं एक कारण २०२० मध्ये पुढे आलं. या पेशी अन्नाच्या ओढगस्तीत जगतात आणि स्वतःचेच भाग पचवून दिवस काढतात. या स्वभक्षणाला ऑटोफॅजी म्हणतात. त्यात त्या एमएचसीचे रेणूसुद्धा पचवून टाकतात. तुकडे मांडायला खोबणीच उरत नाही, मग टी पेशीला दिसणार काय? उंदरांत ऑटोफॅजी रोखली तेव्हा एमएचसी पुन्हा पृष्ठभागावर आला आणि टी पेशींचा हल्ला वाढला.

उलट दिशेचं उदाहरण मला त्याहून विलक्षण वाटतं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल टी पेशींना लागतं. अनेक गाठी आयडीओ नावाच्या विकराने ते मोडून संपवतात. हीच युक्ती गर्भारपणातही वापरली जाते, हे १९९८ मध्ये उंदरांत दिसलं होतं : आईच्या प्रतिकारशक्तीपासून गर्भाचं रक्षण करण्यासाठी. म्हणून आयडीओ रोखणारं औषध आलं, मोठी आशा बांधली गेली. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर, इम्युनोथेरपीच्या जोडीने त्याची मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला : जोडीचा जास्त फायदा नाही. त्या बातमीची हळहळ मला अजून वाटते.

पण ट्रिप्टोफॅनची गोष्ट तिथे संपली नाही. टंचाई झाली की खुद्द कॅन्सरच्या पेशीचंही अडतं. प्रथिन विणता विणता ट्रिप्टोफॅनच्या जागेशी तिचा रायबोसोम, म्हणजे प्रथिनं विणणारा माग, खोळंबतो, कधी एक घर घसरतो आणि पुढचा मजकूर चुकीचा वाचू लागतो. त्यातून निघतात भलतीच प्रथिनं, जी शरीराने कधी पाहिलेलीच नसतात. २०२१ मध्ये मेलानोमाच्या पेशींत हे दिसलं, आणि अशा प्रथिनांचे तुकडे एमएचसीवर येतात, टी पेशींना ओळखता येतात, हेही दिसलं. स्वतः केलेल्या टंचाईने पेशी उघडी पडते!

२०२३ चं एक काम थोडक्यात सांगतो. तंतुकणिकेतली एक पायरी बंद केली की सक्सिनेट नावाचा पदार्थ साठतो. त्यामुळे जनुकांवरचे काही रासायनिक कुलूपबंद भाग उघडतात आणि मेलानोमाची पेशी तुकडे मांडण्याची यंत्रणा पुन्हा चालू करते. हेही उंदरांतलं.

शेवटी, ज्यांना प्रथिनांचे तुकडे लागतच नाहीत अशा टी पेशी. गॅमा-डेल्टा टी पेशी त्यांचं नाव. रक्तातल्या टी पेशींत त्यांचा वाटा लहानसा. प्रत्येक पेशीत कोलेस्टेरॉल बनवण्याची एक वाट असते. अनेक कॅन्सरपेशींत ती जोरात चालते आणि मधला एक फॉस्फेटयुक्त पदार्थ आत साठतो. त्याने पृष्ठभागावरच्या ब्युटायरोफिलिन प्रथिनात बदल होतो, आणि या पेशी तो बदल ओळखतात. थेट चयापचयच वाचणं म्हणतात ते हे. हाडांच्या आजारांत दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड त्या वाटेवरची पुढची पायरी अडवतं, त्यामुळे तो पदार्थ आणखी साठतो आणि पेशी अधिक ठळक दिसू लागते. रुग्णाच्या रक्तातून या टी पेशी घेऊन, प्रयोगशाळेत वाढवून, परत देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, पण गाठ आक्रसली ती मोजक्याच रुग्णांत. या पेशी आंबट, उपाशी गाठीत शिरल्यावर तग कशा धरतील, यावर आता काम चालू आहे.

नमस्कार.