हिशेबासाठी प्रार्थना

(मिरज तालुक्यातल्या एका मंडळीच्या सभागृहात, आगमनकाळात, १० डिसेंबरच्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

पाळकसाहेब, पंचमंडळ आणि बंधुभगिनींनो,

पत्रिकेवर ‘ख्रिस्ती प्रार्थना आणि मानवी हक्क’ असं भारदस्त नाव छापलंय. ते वाचून मीच दचकले. मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. आयुष्यभर नर्सिंगच्या मुलींना नाडी मोजायला शिकवलं. तेव्हा मोठ्या नावाकडे नंतर वळू. आधी एका बाईची गोष्ट सांगते.

आमच्या चर्चच्या मागे रिकामं रान आहे. दिवाळी झाली की तिथे ऊसतोडीची टोळी उतरते. बीडकडची, कधी आपल्याच जतची. आठ-दहा दिवसांत कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि कंपाउंडातल्या नळावर घागरी लागतात. काही वर्षांपूर्वी एका रविवारी त्यातली एक बाई लेकराला घेऊन उपासनेला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. आपल्याकडे प्रार्थनेचे विषय विचारतात ना, तसे त्या दिवशीही विचारले. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाची बारावी. मग ही उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या हिशेबासाठी करा.”

कुणाला काही उमगलं नाही. पाळकांनी, म्हणजे तेव्हाच्या पाळकांनी, डोळे मिटून तिच्यासाठी छान प्रार्थना केली. तिच्या मनाला शांती दे, तिच्या संसाराला सामर्थ्य दे. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. उपासना सुटल्यावर नळावर ती मला म्हणाली, “मावशी, तुमचे साहेब हिशेबाचं काही बोललेच नाहीत.”

हिशेब म्हणजे काय, ते आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे कामाची मोजदादसुद्धा माणसांनी होत नाही, हत्याराने होते. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल देतो. ती फेडायची ऊस तोडून. आजारी पडलात, बाळंतपण आलं, गैरहजर राहिलात की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. हंगाम संपताना किती टन तोडला, किती फिटले, किती राहिले, हे मुकादमाच्या वहीत असतं. त्या बाईचं म्हणणं असं की तीन हंगाम झाले, बाकी सरत नाही आणि वही कुणी दाखवत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या आल्या, सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तेव्हा आपण हळहळलो. पण त्या बातमीच्या मुळाशीही खाडाच होता, हे किती जणांच्या ध्यानात आलं? पाळीचे चार दिवससुद्धा ज्या बाईला परवडत नाहीत, तिची ती गोष्ट होती.

त्या रात्री मी बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक उघडलं. तिसरा अध्याय, जळतं झुडूप. लहानपणापासून पाठ असलेला भाग. देव मोशेला सांगतो, मिसरात माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, मुकादमांच्या जाचामुळे त्यांनी केलेला आक्रोश मी ऐकला आहे. मुकादम! आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे. साठ वर्षं मी तो वाचत आले आणि मला कायम पिरॅमिड दिसले, चाबूक घेतलेले मिसरी लोक दिसले. खिडकीबाहेरच्या कोप्या कधी दिसल्या नाहीत. ज्याने हा शब्द निवडला त्याला आपला मुलूख ठाऊक होता.

आणि एक बघा. त्या आक्रोशाला निर्गमात प्रार्थनेचं रूपसुद्धा नाही. मिसरातले ते लोक ‘हे परमेश्वरा’ म्हणून हाक मारत होते असं तिथे लिहिलेलं नाही. दास्यामुळे ते कण्हत होते, आणि ते कण्हणं वर पोहोचलं, एवढंच आहे. देवाने त्याचीच प्रार्थना करून घेतली. आपण मात्र उलट करतो. स्पष्ट तोंडाने मागितलेला हिशेब आपण उचलतो, त्याला शांतीचं कापड गुंडाळतो आणि मग देवापुढे ठेवतो. मधल्यामधे बदललेला अर्ज. कचेरीत एखाद्या कारकुनाने असं केलं तर आपण तक्रार करू.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्याकडे शेवटचा कधी वाचला गेला? ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असं तिथे आहे. माणसं ओरडतात ते वेगळं, पण इथे मजुरीच ओरडते. आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्यात. स्तोत्रांचंही तसंच. मेंढपाळाचं तेविसावं आपल्याला तोंडपाठ. दहावं कुणाला येतं? ‘हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस’ अशी त्याची सुरुवात आहे. देवाला जाब विचारणारी अशी स्तोत्रं ढिगाने आहेत, आणि आपण ती वगळतो, वगळली नाहीत तर कडू कडव्यांच्या आधी थांबतो. देवाशी भांडणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. खरं तर मराठी माणसाला वाटायला नको. जनाबाईने विठोबाला ज्या शब्दांत फैलावर घेतलं ते मी या सभागृहात उच्चारणार नाही, पण दळिता-कांडिता त्याला शिव्या घालणारी ती बाई, तिला कुणी नास्तिक म्हटलं नाही.

येशूने ‘सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये’ हे शिकवायला दाखला कुठला निवडला? देवळातला नाही. एक विधवा आणि एक न्यायाधीश, जो देवाला भीत नव्हता आणि माणसाची भीड धरत नव्हता. ती हेलपाटे घालते. ‘माझ्या प्रतिवादीविरुद्ध मला न्याय द्या.’ शेवटी तो कंटाळून निकाल देतो. ज्यांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना हा दाखला प्रवचनाशिवाय कळतो. प्रार्थना म्हणजे काय ते दाखवायला प्रभूने कचेरीचे हेलपाटे घालणारी बाई पुढे केली, आणि आपण मिटलेल्या डोळ्यांचं चित्र भिंतीवर लावलं.

आता प्रभूची प्रार्थना. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ पोळी नाही, भाकर. त्यापुढे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हाला सोड.’ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्येही शब्द देण्याचा, कर्जाचाच आहे. आपण ऋणाचा अर्थ पाप असा लावून घेतला, आणि लूक तसं म्हणतोही, त्यामुळे तो अर्थ खोटा नाही. पण ज्याच्या अंगावर उचल आहे तो माणूस हे वाक्य म्हणतो तेव्हा त्याला आधी काय आठवत असेल? बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायची आज्ञा आहे. तो स्वर्गातला विचार नव्हता, व्यवहाराचा नियम होता. आपल्या देशात १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्यात वेठीला बांधणारं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द ठरवली आहे. १९८२ साली, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं हेसुद्धा घटनेच्या २३व्या कलमाखाली सक्तीचं कामच. ‘ऋण सोड’ हे कायद्याच्या भाषेत असं लिहितात.

आजची तारीख मुद्दाम घेतली आहे. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी पहिल्या कलमातली इंग्रजी शब्दरचना बदलून ‘सर्व माणसे’ करायला लावली ती आपल्या हंसाबेन मेहतांनी, ज्या मुंबईच्या विधिमंडळात होत्या. त्याच कलमात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा असल्याचं लिहावं, असं ब्राझीलने सुचवलं होतं. ते वगळलं गेलं. काही ख्रिस्ती लोकांना अजून त्याची खंत वाटते. मला नाही वाटत. देवाचं नाव छापलेल्या कागदांनी काय काय केलंय ते दक्षिण आफ्रिकेत पाहा. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १८५७ मध्ये ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं प्रभुभोजन घ्यायला मुभा दिली. दुर्बलता कुणाची, तर काळ्या माणसाशेजारी बसवत नाही त्यांची! १६ जून १९८५ ला तिथल्याच दुसऱ्या ख्रिस्ती लोकांनी अन्यायी राजवटीच्या अंतासाठी प्रार्थनेची हाक दिली, तेव्हा चर्चमध्येच केवढा गदारोळ झाला. सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असं पौल म्हणतो, मग त्यांच्या जाण्यासाठी कशी करायची? शास्त्र एकच, प्रार्थना दोन. हसू नका. लग्न जुळवताना आपल्या मराठी मंडळ्यांत पूर्वीची जात हळूच विचारली जाते, तीही कुणाची तरी दुर्बलताच असते.

तर, त्या बाईच्या हिशेबाचं काय झालं.

पुढच्या बुधवारी आम्ही आठ जण तिच्या विषयासाठी बसलो. या वेळी तिचा शब्द जसाच्या तसा ठेवायचं ठरलं. ‘प्रभू, हिचा हिशेब होऊ दे.’ एवढं मोठ्याने म्हटल्यावर पंचाईत झाली, कारण आमच्यातच एक जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले हिशेबनीस बसले होते. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते म्हणाले, “अहो, मी प्रार्थनेला आलोय.” पण गुरुवारी वही-पेन घेऊन तेच कोपीवर गेले. कुणीतरी सावध केलं की चर्चची माणसं टोळीत गेली तर धर्मांतराचा आरोप येईल. भीती खोटी नव्हती. तेव्हा मला ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आठवले. १९१७ साली त्यांनी इथून जवळच, साताऱ्याला, ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना, दोघांनाही जागा होती. आम्ही त्या बाईला धर्म विचारला नाही. तिनेही सांगितला नाही. वजनाच्या पावत्या तेवढ्या काढून दिल्या.

इथे गोष्ट गोड व्हावी असं तुम्हाला वाटत असेल. मुकादमाला कळल्यावर चार दिवस तिच्या कोयत्याला आडव्या पडलेल्या उसाचा फड दिला. आडवा ऊस तोडणं म्हणजे काय, ते तोडणाऱ्यालाच विचारा. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात हेच आहे. मोशे फारोकडे बोलून आला आणि पहिला परिणाम काय, तर विटा तितक्याच आणि गवताचा काडा बंद. ती नळावर आली आणि म्हणाली, “मावशी, आता प्रार्थना थांबवा.” त्यावर आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, मागे हटायचं नाही. मी म्हटलं, मार तिला बसतोय, तेव्हा थांबायचं का हे तिने ठरवायचं. आम्ही मोठ्याने करायचं थांबवलं. मार्चमध्ये मुकादमाने एक कागद दिला. आकडा आमच्या हिशेबनिसांच्या आकड्याशी जुळला नाही, पण पहिल्यांदा कागद तरी मिळाला. पुढच्या वर्षी ती टोळी आली नाही. ती कुठे आहे, मला माहीत नाही.

मुकादमाविषयीही एक सांगायला हवं. तोही त्यांच्याच गावचा, कारखान्याकडून अंगावर पैसे घेतलेला. टोळी पळाली तर तो बुडतो. निर्गमात मार खाणारे नायक, म्हणजे मजुरांवरचे म्होरके, इस्राएलीच होते. आणि ऊस उत्पादक म्हणेल, अहो, मलाच टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते तेव्हा तोड मिळते. खरं आहे. हे मला माहीत आहे, कारण माझ्या सासऱ्यांनी घेतलेला दीड एकर ऊस पलूसकडे उभा आहे. त्याची तोड कुठली टोळी करते, तिचा मुकादम कोण, हे त्या बुधवारपर्यंत मी कधी विचारलं नव्हतं. विचारल्यावर दिराने फोनवर म्हटलं, “वहिनी, तुम्हाला बिल मिळतंय ना?” यंदा मी तोडीच्या दिवशी जाऊन उभी राहणार आहे. काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही.

यंदाची टोळी मागच्या रानात उतरली आहे, तुम्ही येताना पाहिली असेल. कंपाउंडाच्या फाटकाला संध्याकाळी सातला कुलूप लागतं. बायका फडातून परततात त्यानंतर. पंचमंडळाने कुलपाची वेळ बदलावी, ही माझी विनंती आजच्या कार्यवृत्तात लिहून घ्यावी.

आता पाळकसाहेब दहावं स्तोत्र वाचतील. पत्रिकेवर पहिली अकराच वचनं छापली गेलीत. मी त्यांना पूर्ण वाचायला सांगितलंय. पंधराव्यात ‘दुर्जनाचा भुज मोड’ आहे. ते ऐकताना मला माझा दीड एकर आठवतो. तरी वाचायचंच ठरलंय. उभे राहू या.