कशावरून?

[दृश्य: कातडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांच्या कडा. सुई, दोरा, सरसाचं भांडं.]

लंडन, १८०५. लोहाराच्या घरातला चौदा वर्षांचा एक मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागतो. शाळा जेमतेम झालेली. लिहिणं, वाचणं, थोडी आकडेमोड, एवढीच शिदोरी. बांधणीला आलेलं पुस्तक दुकानात असेपर्यंत तो ते वाचून काढतो. त्यांतलं एक रसायनशास्त्राचं आहे. त्यावर लेखकाचं नाव नाही. आत एक बाई आणि तिच्या दोन विद्यार्थिनी बोलत बसल्या आहेत. एक मुलगी शांतपणे ऐकून घेणारी, दुसरी उतावळी, पावलोपावली शंका काढणारी.

मुलगा मायकेल फॅरडे. आणि पुस्तक लिहिणाऱ्या बाई जेन मार्सेट. त्या काळी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं लंडनमध्ये गाजत होती. मार्सेट ती ऐकायला जात. प्रयोग डोळ्यांसमोर व्हायचे, पण इतक्या झपाट्याने, की हाती फारसं काही लागत नसे. मग एका जाणकार स्नेह्याशी त्यांचं त्यावर निवांत बोलणं झालं, काही प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि पुढची व्याख्यानं उलगडत गेली. आपल्याला जे बोलण्यातून कळलं, ते इतरांनाही तसंच कळेल, या भरवशावर त्यांनी संवादरूपात पुस्तक लिहिलं.

फॅरडे ते वाचून थांबला नाही. खिशाला परवडतील असे छोटे प्रयोग त्याने स्वतः करून पाहिले. पुस्तकात लिहिलंय तसं खरोखर घडतं का? घडत होतं. पुढे विजेवरच्या संशोधनाने जगभर नाव झाल्यावरही तो हे विसरला नाही. १८५८ साली एका पत्रात त्याने लिहिलं, की प्रयोगांनी ते पुस्तक खरं ठरवलं आणि तेव्हा रसायनशास्त्रात आपल्याला पक्का आधार सापडला. आपले शोधनिबंध तो मार्सेटबाईंना कृतज्ञतेने पाठवत असे.

विज्ञान किंवा निसर्ग यांवरचं पुस्तक सामान्य वाचकाने कसं पारखावं, ते या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. ‘जगात असं असं असतं’ हे सांगणारी पुस्तकं ढिगाने निघतात. ‘हे कशावरून?’ या प्रश्नाला तोंड देणारी पुस्तकं त्यामानाने थोडी. आज आपण भेटणार आहोत ती या थोड्यांपैकी.

[दृश्य: अंधारात एक मेणबत्ती.]

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं होत. १८६०च्या डिसेंबरात फॅरडे यांनी विषय घेतला मेणबत्तीचा. विल्यम क्रुक्स यांनी ती व्याख्यानं संपादित केली, आणि १८६१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

‘मेण जळतं, उजेड पडतो’ एवढं सांगून भागलं असतं. फॅरडे मेणबत्ती विझवतात. वातीतून धुराची पांढुरकी रेघ वर चढते. पेटती काडी ते वातीला लावत नाहीत. वातीपासून दोन-तीन इंच वर, त्या रेघेत धरतात. ज्योत रेघेवरून सरसर खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. मग काचेची एक वाकडी नळी पेटत्या ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरायची. नळीच्या दुसऱ्या टोकातून वाफ बाहेर येते, तिला काडी लावली की तिथेही ज्योत. म्हणजे जळतं ते घट्ट मेण नव्हे, मेणाची वाफ. हे वाक्य ऐकण्याआधीच समोरच्या मुलांना ते दिसलेलं असतं. पुस्तकातही क्रम तोच ठेवलाय, आणि मला वाटतं, दीडशेहून जास्त वर्षं ते पुस्तक टिकलं ते या क्रमामुळेच.

[दृश्य: पिवळी पडलेली पानं, जुनी इटालियन अक्षरं.]

ही वाट त्याआधीही कुणी कुणी चाललं होतं. १६३२ मध्ये गॅलिलिओ यांनी पृथ्वी फिरते की सूर्य, या वादावरचं आपलं पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियनमध्ये लिहिलं. तिघं जण, चार दिवसांच्या गप्पा. पृथ्वी फिरत असेल तर आपल्याला कळत कसं नाही? उत्तरादाखल ते वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेतात. आत फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडतंय. जहाज थांबलेलं असो की संथ पाण्यावर एकसारख्या वेगाने चाललेलं, आतल्या कशातही फरक पडत नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर खटला चालला.

[दृश्य: ओली माती. गांडूळ पान ओढतंय.]

आता माझं सर्वांत आवडतं पुस्तक. चार्ल्स डार्विन म्हटलं की उत्क्रांती आठवते. पण १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. ते हातोहात खपलं. सत्तरी ओलांडलेला, जगाचा विचार बदलून टाकणारा माणूस मातीने भरलेल्या कुंड्या घरात आणून ठेवतो आणि गांडुळांना ऐकू येतं का, याचा छडा लावत बसतो. शिट्टी वाजवून झाली. ‘बॅसून’ नावाचं भलं मोठं, खर्जातलं फुंकवाद्यही वाजवून झालं. गांडुळं ढिम्म. शेजारी पियानो जोरात वाजवला, तरी काही नाही. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि एक सूर छेडला. गांडुळं तत्काळ बिळात! हवेतून आलेला आवाज त्यांना कळत नाही, पण मातीतून आलेली थरथर कळते. डार्विन निष्कर्ष काढतात एका ओळीत. त्याआधी कुंडी कुठे होती आणि काय वाजवलं, ते सगळं सांगून.

पुढचा प्रश्न जास्त अवघड. गांडूळ बिळाचं तोंड पानाने बुजवतं. पान कुठल्या टोकाने आत ओढायचं, हे त्याला समजतं का? निसर्गातली पानं वापरली तर सवय की समज, हे ठरवणं कठीण. म्हणून डार्विन यांनी कागदाचे लांबट त्रिकोण कापले, पावसाने लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि जमिनीवर टाकून ठेवले. गांडुळांनी ओढून नेलेले ३०३ त्रिकोण त्यांनी तपासले. त्यांपैकी ६२ टक्के निमुळत्या टोकाने ओढलेले होते, म्हणजे सर्वांत सोयीच्या बाजूने. त्रिकोण कुठेही धरून ओढले असते तर असा आकडा आला नसता. वाचणारा तिथे थबकतो आणि स्वतःच हिशेब करू लागतो.

आणि धीर? १८४२ मध्ये त्यांनी घराजवळच्या एका कुरणाच्या तुकड्यावर खडूचे तुकडे पसरून ठेवले. १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली. गांडुळं खालची माती पोटातून वर आणत राहिली होती आणि खडू त्याखाली गाडला गेला होता. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दर वर्षी दहा टनांहून जास्त माती अशी वर येते, असा त्यांचा हिशेब होता.

[दृश्य: केसाळ अळ्यांची रांग.]

फ्रान्समधले ज्याँ-आंरी फाब्र कीटकांवर दहा खंड लिहून गेले. पाइनच्या झाडावरच्या काही अळ्या एकामागे एक अशा रांगेने चालतात, मागे रेशमाचा धागा सोडत. १८९६च्या जानेवारीत अशी एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. फाब्र यांनी मागची रांग तोडली, वर येणारा धागा पुसून टाकला. वर्तुळ पूर्ण झालं. पुढारी कुणीच उरलं नाही. अळ्या फिरत राहिल्या. रात्री थंडीत गारठल्या, सकाळी पुन्हा चालू लागल्या. जवळच पाइनच्या पानांचा चारा होता तरी. असं आठवडाभर चाललं.

फाब्र उत्क्रांती मानत नव्हते, आणि डार्विन तरीही त्यांच्या निरीक्षणांचे चाहते होते. अळ्यांबद्दलचा फाब्र यांचा एक अंदाजही पुढे सुधारावा लागला. अळ्या रेशमाच्या धाग्यावर विसंबतात, असं त्यांनी मानलं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं, की पुढच्या अळीच्या अंगाचा स्पर्श आणि वाटेवर सोडलेला गंध यांचं काम धाग्यापेक्षा मोठं आहे. फाब्र यांनी काय केलं ते तपशिलाने लिहून ठेवलं होतं, म्हणून ते पुन्हा तपासता आलं.

जुनं पुस्तक चुकीचं ठरलं म्हणून टाकून द्यावं का? मी टाकणार नाही. रेचल कार्सन यांचं १९५१ मधलं समुद्रावरचं पुस्तक घ्या. त्यात चंद्र हा पृथ्वीपासूनच तुटून निघाला आणि प्रशांत महासागराचं खोरं ही त्याची खूण असावी, ही कल्पना येते. आज ती कुणी मानत नाही; मंगळाएवढ्या आकाराचा गोळा पृथ्वीवर आदळून चंद्र बनला, असं आता बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालतात. वाचताना प्रकाशनाचं साल डोळ्यांपुढे ठेवलं, की हे पान अडत नाही. उलट एखादी कल्पना कशी येते आणि कशी जाते, ते कळतं.

खरा धोका दुसरीकडे आहे. ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवला की ती वाकते, गुरुत्वाकर्षण तसंच, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. पण गोळा चादर वाकवतो तो गुरुत्वाकर्षणामुळेच! उपमा कुठपर्यंत चालते आणि कुठे मोडते, हे लेखकाने सांगायलाच हवं. ते न सांगता पुढे गेलेलं पुस्तक वाचकाला समजल्याचं समाधान देतं आणि समज देत नाही. स्टीफन हॉकिंग यांना कुणीतरी सांगितलं होतं, की प्रत्येक समीकरणागणिक पुस्तकाचा खप निम्मा होईल. १९८८च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एकच समीकरण ठेवलं, आइनस्टाइन यांचं. समीकरणं गाळायला हरकत नाही. त्यांच्याबरोबर युक्तिवादही गळून पडला, तर मात्र मागे फक्त आश्चर्य उरतं.

[दृश्य: तळं. पाणडुबी पक्षी.]

कार्सन यांच्याकडे पुन्हा येऊ, कारण ‘सायलेंट स्प्रिंग’ या कीटकनाशकांवरच्या १९६२च्या पुस्तकाने ‘हे कशावरून?’ हा प्रश्न सर्वांत कसोटीच्या जागी पेलला. सुरुवातीला एक गाव येतं, जिथे पाखरांचा आवाज बंद झालाय. वाचक त्यात गुंतला की कार्सन लगेच स्पष्ट सांगतात: असं एक गाव प्रत्यक्षात नाही, पण यातलं प्रत्येक संकट कुठे ना कुठे येऊन गेलंय.

मग पुरावे. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्यावर चिलटांचा त्रास होता. १९४९ मध्ये तिथे डीडीडी हे डीडीटीसारखंच कीटकनाशक टाकलं. सात कोटी भाग पाण्यात एक भाग, इतकं पातळ. काही वर्षांनी तिथल्या पाणडुब्या मरू लागल्या. त्यांच्या चरबीत दर दहा लाख भागांत १,६०० भाग विष सापडलं. पाण्यातून सूक्ष्मजीवांत, त्यांतून लहान माशांत, मग मोठ्या माशांत, आणि शेवटी पक्ष्यांत ते साठत गेलं होतं. पुस्तकाच्या शेवटी पन्नासहून अधिक पानं नुसत्या संदर्भांची आहेत. टीकाकार तुटून पडले तेव्हा ही पानं कामी आली. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने कार्सन यांच्या म्हणण्याला बळ दिलं. १९६४ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली १९७२ मध्ये.

[दृश्य: दुर्बीण, खिशातलं छोटं पुस्तक.]

निसर्गाच्या पुस्तकांत आणखी एक प्रकार असतो, तो घरी बसून वाचायचाच नसतो. पंचविशीतले चित्रकार रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये पक्षी ओळखण्याचं पुस्तक काढलं. पूर्वी पक्ष्याची खात्री करायची तर बंदुकीने पाडून हातात घ्यायचे. पीटरसन यांनी दिसायला सारखे पक्षी एका पानावर मांडले आणि फरकाच्या जागी छोट्या रेघा ओढल्या: इथला पट्टा बघा, इथली चोच बघा. लांबून, जिवंत पक्षी, साध्या माणसाला ओळखता येऊ लागला.

अशा साध्या माणसांच्या जोरावरच कीटकनाशकांच्या काळजीतून १९६६ मध्ये उत्तर अमेरिकेत दरवर्षीची एक पक्षीगणना उभी राहिली. ठरलेल्या रस्त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. जेवढे दिसले आणि ऐकू आले, तेवढे पक्षी लिहायचे. काम करणारे बहुतेक हौशी लोक, पुस्तकांतून पक्षी शिकलेले. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झालेत. हे कशावरून, तर मुख्यतः या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं भरलेल्या नोंदींवरून.