डोळ्याला दिसतं तेवढंच मोजायचं

[दृश्य : ठाणे, वागळे इस्टेट. गाळ्यातलं टेबल. एक तारेचा पिवळा बल्ब, एक एलईडी, मध्ये लक्समीटर.]

टेबलावर दोन बल्ब. मीटर बघत त्यांची अंतरं अशी लावली आहेत, की दोन्हींचा उजेड खाली ५०० लक्सच पडतो (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक). डोळ्यांनाही दोन्ही सारखेच लख्ख. आता मीटरच्या जागी नुसता सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की करंट देणारा भाग, ठेवूया. एलईडीखाली करंट बेताचा. तारेच्या बल्बाखाली तोच करंट कित्येक पटींनी वर जातो.

डायोड बिघडलेला नाही. आपला डोळा साधारण ३८० ते ७८० नॅनोमीटरपर्यंतच पाहतो, आणि ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी हिरव्याला सर्वांत जास्त जागतो. सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसतं, आणि त्याचा खरा जोर ९०० च्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात. तारेच्या बल्बाची बहुतेक ऊर्जा तिथेच जाते. डोळ्याच्या संवेदनेचा वक्र सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९२४ साली प्रमाण म्हणून ठरवला. लक्स हे एकक त्याच वक्रावर उभं आहे. तेव्हा उजेड मोजणाऱ्या सेन्सरला आधी अवरक्ताकडे दुर्लक्ष करायला शिकवावं लागतं.

काही चिपमध्ये डायोडवर अतिपातळ थरांचा फिल्टर चढवतात. काहींमध्ये दोन डायोड असतात : एकाला सगळं दिसतं, दुसऱ्याला फक्त अवरक्त, आणि दुसऱ्याचा ठरावीक हिस्सा पहिल्यातून वजा होतो. पारख घरीही करता येते. टीव्हीचा रिमोट सेन्सरवर रोखा आणि बटण दाबा. चांगल्या सेन्सरचा आकडा जेमतेम हलतो.

[दृश्य : चिमटीत मावणारा मॉड्यूल, चार वायरी.]

हा बीएच१७५०, उजेड मोजणाऱ्या सेन्सरची चिप. चिपला ३.३ व्होल्ट, ग्राउंड, आणि आय-टू-सीच्या, म्हणजे चिपशी आकडे देवाणघेवाण करायच्या, दोन वायरी. मापनाचा हुकूम दिला की १८० मिलिसेकंद थांबायचं आणि दोन बाइट वाचायचे. पहिला २, दुसरा ८८ आला, तर २ गुणिले २५६ अधिक ८८, म्हणजे ६००. चिपच्या ठरलेल्या १.२ ने भागलं की ५०० लक्स. मापन साधारण १२० मिलिसेकंद चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यातल्या बारा लाटांची सरासरी निघते आणि आकडा नाचत नाही. घाईने अर्धवट वाचलं, तर मागचाच आकडा हाती येतो.

मेच्या मध्यावर सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर लाखभर लक्स पडतात, आणि हा सेन्सर ५४,६१२ ला अडकून बसतो. मग मापनवेळेचा रजिस्टर, म्हणजे मापन किती वेळ चालावं हे ठरवणारा चिपमधला आकडा, ६९ वरून ३१ वर आणायचा आणि उत्तराला ६९ भागिले ३१ ने गुणायचं. हा गुणाकार बरेचदा राहून जातो, आणि भर उन्हात निम्म्याहून कमी उजेड दिसतो.

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो झाकणात. चिप दिसू नये म्हणून वर काळसर ॲक्रिलिक लावतात. ते दिसणारा उजेड अडवतं आणि अवरक्त सुखाने आत सोडतं. चिपमधली सगळी मेहनत तिथे वाया जाते. झाकणातलं छिद्र खोल असेल, तर तिरपा उजेड आत पोचतच नाही. वास्तविक सरळ दिशेपासून ६० अंश कलून येणारा उजेड सरळ उजेडाच्या निम्मा मोजला गेला पाहिजे. त्यासाठी दुधी ॲक्रिलिक चांगलं, मात्र सेन्सरच्या अगदी जवळ बसवलेलं. पावसाळ्यानंतर ते पुसायलाही हवं.

[दृश्य : संध्याकाळ, रस्त्यावरचा खांब.]

खांबावरच्या सेन्सरला स्वतःचाच दिवा दिसला, तर तो रात्रभर लागतो-विझतो. तोंड आकाशाकडे ठेवायचं, लागण्याची पातळी खाली आणि विझण्याची वर ठेवायची, आणि निर्णयाआधी अर्धा मिनिट थांबायचं.

[दृश्य : पुन्हा टेबल.]

झाकण बसवून झालं, की तेच दोन बल्ब, तेच ५०० लक्स. एलईडीखाली सेन्सर २५० दाखवतो, तारेच्या बल्बाखालीही २५० च. मग दोनने गुणलं की काम झालं. एकाखाली २५० आणि दुसऱ्याखाली ४०० आले, तर कुठल्याच गुणकाने ते जुळणार नाही. झाकण बदला.