हिरवं सील आणि १७-सी

(दृश्य : पहाटे साडेपाच. इंदूर, लोकमान्यनगर. शाळेच्या वर्गात दिवा लागलेला.)

मतदान सातला सुरू होईल. मतदान यंत्राची परीक्षा, म्हणजे मॉक पोल, त्याआधी दीड तास. टेबलावर मतं साठवणारं कंट्रोल युनिट, आडोशामागे मतदाराने बटण दाबायचं बॅलट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट. इंदुरात ज्यांना सगळे पीठासीन अधिकारी म्हणतात, ते मतदान केंद्राध्यक्ष एजंटांसमोर, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, किमान पन्नास मतं टाकून घेतात. नोटासकट प्रत्येक बटण दाबलं गेलं पाहिजे. मग कंट्रोल युनिटवर क्लोज (मतदान बंद), रिझल्ट (निकाल), क्लिअर (मतं पुसणं), याच क्रमाने. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या निकालाशी जुळवायच्या, त्यांच्यामागे मॉक पोलचा शिक्का मारायचा आणि काळ्या पाकिटात बंद करायच्या.

घाईत नेमकं क्लिअर दाबायचं राहतं. मग ती पन्नास मतं यंत्रातच राहतात आणि संध्याकाळी नोंदवहीपेक्षा यंत्राचा आकडा पन्नासने जास्त निघतो. लगेच घोटाळ्याची ओरड होते. असं यंत्र मतमोजणीत बाजूला ठेवतात आणि त्याच्या चिठ्ठ्या मोजतात.

(दृश्य : कागदी पट्टीवर कॅमेरा स्थिर.)

हे हिरवं कागदी सील. मागची बाजू पांढरी, तिच्यावर छापील क्रमांक, खाली केंद्राध्यक्षांची आणि एजंटांची सही. कंट्रोल युनिटच्या निकालाच्या बटणांवरच्या झाकणात ते असं बसवतात की पट्टी फाटल्याशिवाय बटणांपर्यंत बोट पोचत नाही. एजंटाने हा क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायलाच हवा. नुसती सही करून उठणारा एजंट नसल्यासारखाच.

व्हीव्हीपॅटच्या मागे एक खटका आहे. आडवा म्हणजे प्रवासासाठी कुलूपबंद, उभा म्हणजे चालू. आडवा असतानाच यंत्र सुरू केलं, तर ते चालत नाही. यंत्र थेट बल्बखाली किंवा खिडकीच्या उन्हातही ठेवू नये, आतल्या सेन्सरला प्रकाश सोसत नाही. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत ही यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली होती.

मोबाइलवरून यंत्र फिरवल्याच्या गप्पा बाजूला ठेवू. खरी चिंता आहे ती हाताळणीची. २०१० मध्ये संशोधकांनी जुन्या भारतीय यंत्राचा डिस्प्ले बदलून निकाल फिरवून दाखवला होता, पण त्यासाठी यंत्र उघडावं लागलं. दुसरी चिंता चिन्हांची. उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये वेगळ्या उपकरणातून भरली जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही उपकरणं सील करून निकालानंतर ४५ दिवस जपायला सांगितलं. हे आधीच व्हायला हवं होतं.

चिठ्ठ्यांची पडताळणी होते ती प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांची. इंदूर लोकसभेत आठ क्षेत्रं, म्हणजे चाळीस. शंभरात एका यंत्रात गडबड असेल, तर पाचांत ती सापडण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के; चाळिसांत साधारण तीनात एक. तपासायच्या यंत्रांचा हा आकडा वाढायला हवा.

(दृश्य : नेहरू स्टेडियम, मतमोजणी.)

मतदान संपल्यावर एजंटाला फॉर्म १७-सीची प्रत मिळते : कंट्रोल युनिटचा क्रमांक, सीलचे क्रमांक, एकूण मतं. २०२४ मध्ये इंदुरात नोटाला मिळालेली २,१८,६७४ मतं अशाच एकेका केंद्रावरून जमली. मोजणीच्या टेबलावर ही प्रत हातात हवी. आधी कंट्रोल युनिटचा क्रमांक पाहायचा, मग हिरवं सील अखंड आहे का ते, मग एकूण मतं. यातलं काहीही जुळलं नाही, तर रिझल्टचं बटण दाबण्याआधीच हरकत घ्यायची, आणि तीही लेखी.